लिलाव ‘मेहरांगीर’चा

१८ जून २०१४ रोजी मुंबईत एका घराचा लिलाव झाला. मलबार हिलच्या लिटल गिब्ज रोडवरचा हा तीन मजली बंगला सुमारे सतरा हजार चौरस फुटांचा होता आणि त्याचं तोंड अरबी समुद्राकडे होतं. नाव ‘मेहरांगीर’. राखीव किंमत २५७ कोटी रुपये ठरली होती, बोली चढत चढत ३७२ कोटींवर थांबली. गोदरेज कुटुंबातल्या स्मिता कृष्णा-गोदरेज यांनी तो घेतल्याचं नंतर उघड झालं. दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, बंगला पाडला गेला.

या घरात होमी भाभा राहत होते. भारताच्या अणुसंशोधनाचा पाया घालणारा हा माणूस जानेवारी १९६६ मध्ये व्हिएन्नाकडे निघाला आणि २४ जानेवारीला माँ ब्लाँ पर्वतावर एअर इंडियाचं विमान कोसळून गेला. मेहरबाई ही त्यांची आई, जहांगीर हे वडील. दोघांची नावं जोडून घराचं नाव तयार झालं होतं.

३७२ कोटी रुपये नेमके कशाचे होते? विटा-चुन्याचे नव्हते, लाकडी जिन्याचे नव्हते आणि होमी भाभांचे तर मुळीच नव्हते. ते त्या जागेचे होते, आणि त्या जागेवरून समोर दिसणाऱ्या समुद्राचे. ही गोष्ट बेळगावकरांना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. उद्यमबागेत एखादं जुनं वर्कशॉप विक्रीला निघालं की प्लॉट किती गुंठ्यांचा आणि रस्त्याला लागून आहे का, हेच आधी विचारलं जातं. शेड कधीची, तिच्यात पहिली लेथ कोणी बसवली, हे कोणी विचारत नाही. हिशेबाच्या वह्याही तसंच सांगतात. प्राप्तिकराच्या नियमांनुसार कारखान्याच्या इमारतीवर दर वर्षी दहा टक्के आणि राहत्या इमारतीवर पाच टक्के घसारा धरला जातो, जमिनीवर घसारा नसतोच. म्हणजे कागदावर इमारत वर्षागणिक झिजत जाते आणि तिच्याखालची जमीन बाजारात वाढत राहते. साठ-सत्तर वर्षं उलटली की कागदावर घर जवळजवळ संपलेलं असतं, मग त्यात कोणी का राहिलेलं असेना.

मलबार हिलला हा भाव काही पहिल्यापासून नव्हता. टेकडीचं टोक वाळकेश्वराचं. तिथलं जुनं देऊळ पोर्तुगिजांच्या काळात पाडलं गेलं आणि १७१५ मध्ये रामा कामाठी या सारस्वत व्यापाऱ्याने ते पुन्हा बांधलं. बाणगंगेभोवती धर्मशाळा आणि ब्राह्मणवस्ती उभी राहिली. टेकडीच्या दुसऱ्या अंगाला सतराव्या शतकापासून पारशांची डुंगरवाडी होती. बाकी सगळी झाडी आणि खडक. मुंबईचे धनिक तेव्हा कोटाच्या तटबंदीत दाटीवाटीने राहत. पुढे १८६० च्या दशकात, गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या कारकिर्दीत, कोटाची तटबंदी पाडली गेली. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला जाईना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं तसा भाव कोसळला आणि कित्येक पेढ्या बुडाल्या, पण त्या चार-पाच वर्षांत कमावलेला पैसा कोटाबाहेर पडून टेकडीवर चढला होता.

त्याला सरकारनेही हातभार लावला. मुंबईच्या गव्हर्नराचं निवासस्थान परळला होतं. १८८२ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीचा परळच्या त्या वाड्यात कॉलऱ्याने मृत्यू झाला आणि तीन वर्षांत गव्हर्नराचा मुक्काम कायमचा मलबार पॉइंटला आला. राज्यपालांचं निवासस्थान आजही हेच. मग १८९६ मध्ये प्लेग आला. खाली गिरगाव-मांडवीत माणसं पटापट मरत असताना ज्यांना परवडत होतं ते वर हवेशीर जागी गेले. मुंबईत समुद्राची हवा तेव्हा चैनीची गोष्ट उरली नव्हती, ती जिवाची गरज झाली होती. टेकडीवरच्या घरांच्या ओसऱ्या पश्चिमेकडे का उघडतात आणि छतं इतकी उंच का असतात, ते यावरून कळतं.

भाभा कुटुंब या उच्चभ्रू पारशी मुंबईतलं असलं तरी त्यांचा एक धागा कर्नाटकात गुंतलेला होता. होमींचे आजोबा हॉर्मसजी भाभा म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे प्रमुख होते. त्यांची मुलगी मेहरबाई हिचं लग्न जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव दोराबजी यांच्याशी झालं. होमींच्या आईचं नावही मेहरबाईच, त्यामुळे वाचताना घोटाळा होतो. स्वतः होमी १९३९ मध्ये केंब्रिजहून सुट्टीवर आले होते. युद्ध सुरू झालं, परतीची वाट बंद झाली आणि ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्याकडे रुजू झाले. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी दोराबजी टाटा ट्रस्टला ते सुप्रसिद्ध पत्र पाठवलं. मूलभूत विज्ञानाची संस्था भारतातच उभी करा, म्हणजे उद्या अणुऊर्जा हाती येईल तेव्हा तज्ज्ञांसाठी परदेशाकडे बघावं लागणार नाही, असा त्याचा आशय होता. हिरोशिमावर बॉम्ब पडायला तेव्हा अजून सव्वा वर्षाहून अधिक काळ होता.

या संस्थेचं पहिलं घरदेखील मुंबईतला एक कौटुंबिक बंगलाच होता, हे फारसं सांगितलं जात नाही. पेडर रोडवरचं ‘केनिलवर्थ’ हे होमींच्या एका नातलगाच्या ताब्यातलं घर आणि होमींचा जन्मही तिथलाच. त्याचा अर्धा भाग भाड्याने घेऊन १९ डिसेंबर १९४५ रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं मुंबईत उद्घाटन झालं. जन्मघरातच प्रयोगशाळा! पुढे संस्था गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली आणि १९६२ मध्ये कुलाब्याच्या टोकाला, पुन्हा समुद्राकाठीच, स्वतःच्या वास्तूत आली. कुलाब्याच्या आवारातली झाडं, भिंतींवरची चित्रं, बागेतली वळणं यांत होमींनी जातीने लक्ष घातलं होतं. या माणसाला घर, बाग, चित्र आणि संगीत यांच्याशिवाय विज्ञान सुचत नसे, असं त्यांच्या सहकाऱ्यांच्या आठवणी वाचताना वाटत राहतं. त्यामुळे ‘मेहरांगीर’ हा त्यांचा नुसता पत्ता नव्हता. तिथली सवय संस्थेच्या बांधणीत उतरली होती.

होमी अविवाहित होते. त्यांच्या पश्चात घर धाकट्या भावाकडे, जमशेद भाभांकडे आलं. जमशेद टाटा समूहात मोठ्या पदावर होते, पण त्यांची ओळख राहिली ती ‘एनसीपीए’मुळे, म्हणजे नरिमन पॉइंटच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रामुळे. २००७ मध्ये ते गेले. मृत्युपत्राने त्यांनी ‘मेहरांगीर’ याच केंद्राला दिला.

या केंद्राची सुरुवात आणि समुद्राकाठच्या आणखी एका घराचा शेवट एकाच पत्त्यावर झाला. ब्रीच कँडीच्या तेव्हाच्या वॉर्डन रोडवर ८९ क्रमांकाचा बंगला स्वातंत्र्यलढ्यातले नेते आणि वकील भुलाभाई देसाई यांचा होता. त्यांच्यानंतर सून माधुरी देसाई यांनी तिथे भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूट चालवलं. रविशंकर तिथे सतार शिकवत, हुसेन आणि गायतोंडे तिथे चित्रं काढत, इब्राहिम अल्काझी नाट्यशिक्षण देत. विजया मेहतांच्या ‘रंगायन’नेही उमेदीच्या दिवसांत तिथला मंच वापरला. मराठी नाटकाच्या एका मोठ्या वळणावर लाटांचा आवाज होता, हे खरंच आहे. साठच्या दशकात तो बंगला गेला आणि त्या जागी ‘आकाश गंगा’ नावाची उंच इमारत आली. डिसेंबर १९६९ मध्ये त्याच ‘आकाश गंगा’त भाड्याच्या जागेत जमशेद भाभांचं केंद्र सुरू झालं. पुढे त्याच्या मानद संचालकपदी पु. ल. देशपांडे आले, म्हणजे एके काळी बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात मराठी शिकवणारे पु. ल. त्यांच्या काळात लोककलावंत त्या मंचापर्यंत पोचले. पाडलेल्या एका घराच्या जागेवर ही संस्था जन्मली, हे विसरता येत नाही.

जमशेद भाभांना जुन्या वास्तूंचं मोल कळत होतं, याची साक्ष त्यांच्या नावाच्या नाट्यगृहातच उभी आहे. १९९९ मध्ये सुरू झालेल्या या नाट्यगृहाच्या दर्शनी दालनात पांढऱ्या संगमरवराचा भव्य दुहेरी जिना आहे. तो नवा घडवलेला नाही. मुंबईतल्या पेटिट या पारशी गिरणीमालक घराण्याची हवेली पाडली जात असताना तिथला हा जिना उतरवून, जपून ठेवून, इथे बसवला गेला. स्वतःचं घर मात्र केंद्राच्या हवाली करताना, ते पैशाच्या रूपातच कामी येईल, असं त्यांनी धरलं होतं. मृत्युपत्र त्यांचं, इच्छा त्यांची.

त्यामुळे २०१४ चा वाद साधा नव्हता. अणुऊर्जा खात्यातल्या कर्मचाऱ्यांनी लिलावाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. ‘मेहरांगीर’ राष्ट्रीय स्मारक व्हावं, तिथे विज्ञानाचं संग्रहालय व्हावं, ही त्यांची मागणी. भारतरत्न सी. एन. आर. राव यांच्यासारखा वैज्ञानिकही बंगला वाचवा म्हणून पुढे आला. न्यायालयाने लिलाव थांबवला नाही. केंद्राचं म्हणणं सरळ होतं की मालमत्ता आपल्याला मिळाली आहे आणि तिचा पैसा संगीत-नाटकासाठीच लागणार आहे. त्यात खोट काढता येत नाही. भाभा बंधूंपैकी एकाची आठवण पुसली गेली, पण ती दुसऱ्याच्या कामासाठी.

खरी चूक त्याच्या खूप आधीची आहे. मुंबईत वारसा इमारतींची यादी १९९५ मध्ये आली. देशात असं पाऊल उचलणारं ते पहिलं शहर. यादीत सहाशेहून अधिक नोंदी होत्या. ‘मेहरांगीर’ त्यात नव्हतं. १९९५ पासून २०१४ पर्यंत एकोणीस वर्षं होती, त्यांतली बारा वर्षं जमशेद भाभा हयात होते, घर नांदतं होतं. होमी भाभांचा पुतळा उभारताना, त्यांच्या नावाने केंद्रं काढताना आणि टपाल तिकिटं छापताना सरकारला कोणी म्हणालं नाही की ते राहायचे त्या घराची नोंद तरी करून ठेवा. लिलावाची जाहिरात आली तेव्हा सगळे जागे झाले. तोपर्यंत मृत्युपत्र अमलात आलं होतं, मालक बदलला होता, दलालाने किंमत बांधली होती. कुलूप उघडायची किल्ली आधीच हातून गेली होती.

आता प्रश्न असा की अशी घरं विक्रीला का निघाली? वारसांना पैशाचा लोभ सुटला, हे उत्तर फार वरवरचं आहे. स्वातंत्र्यानंतर मोठ्या घरांवर कायद्यांच्या लाटांमागून लाटा आल्या. १९५३ मध्ये मृत्यूनंतरच्या मालमत्तेवर इस्टेट ड्यूटी लागली, ती १९८५ पर्यंत होती. १९५७ मध्ये संपत्ती कर आला, तो २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले. १९७६ मध्ये नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला आणि शहरातली मोठी मोकळी जागा बाळगणं अवघड झालं. महाराष्ट्राने तो २००७ मध्ये रद्द केला. त्यानंतर चार-पाच वर्षांत मोठे बंगले एकामागून एक बाजारात आले, हा नुसता योगायोग नसावा. १९९१ पासून किनाऱ्यालगतच्या बांधकामावर निर्बंध आले, त्यामुळे समुद्रासमोर आधीपासून उभं असलेलं घर आणखी दुर्मीळ झालं. शिवाय घरातली माणसं. आजोबांनी बांधलेल्या घरात नातवंडांचे सहा-आठ हिस्से पडतात. त्यांतले काही परदेशी. छपराची डागडुजी, माळी, पहारेकरी, पालिकेचा कर, आणि खाऱ्या हवेने दर पावसाळ्यानंतर निघणारे गिलाव्याचे पोपडे, हे सगळं कोणी सोसायचं? घर विकून हिस्से वाटून घेणं त्यांना सोपं वाटतं, आणि त्यांच्या जागी बसून पाहिलं तर ते कळतंही.

मराठी राजघराणीही यातून सुटली नाहीत. वरळीला समुद्राकाठी ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा ‘समुद्र महाल’ होता. त्या जागेवर आज त्याच नावाची गगनचुंबी इमारत आहे.

२०१२ मध्ये नेपियन सी रोडचं ‘माहेश्वरी हाउस’ सज्जन जिंदल यांनी सुमारे ४०० कोटींना घेतलं. २०१५ च्या सप्टेंबरात लिटल गिब्ज रोडवरचं ‘जाटिया हाउस’ कुमारमंगलम बिर्लांनी ४२५ कोटींना घेतलं. बिर्लांचं नाव बेळगावकरांना परकं नाही. यमुनापूरचा ॲल्युमिनियमचा कारखाना, ज्याला जुनी माणसं अजून ‘इंडाल’ म्हणतात, तो आता त्यांच्याच हिंडाल्कोचा आहे. जाटियांचा पुण्याशी कागद गिरणीच्या धंद्याचा संबंध. म्हणजे टेकडीवरच्या घरांची खरेदी-विक्री मुंबईत होत असली तरी त्यामागचा पैसा बहुतेक वेळा दुसऱ्याच गावातल्या भट्टीतून, गिरणीतून किंवा प्रयोगशाळेतून येतो.

प्रयोगशाळेतून आलेल्या पैशाचं उदाहरण त्याच महिन्यातलं आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचे संस्थापक सायरस पूनावाला ब्रीच कँडीचं ‘लिंकन हाउस’ ७५० कोटींना घेणार, ही बातमी सप्टेंबर २०१५ मध्ये आली. तोवर मुंबईत कुठल्या बंगल्याला एवढी किंमत आली नव्हती. हे घर मूळचं ‘वांकानेर हाउस’. सौराष्ट्रातल्या वांकानेर संस्थानचे महाराणा अमरसिंहजी यांनी १९३० च्या दशकात ते बांधवलं. वास्तुविशारद क्लॉड बॅटली. मलबार हिलवर जिनांचा बंगला ज्यांनी बांधला तेच बॅटली. १९४४ च्या सप्टेंबरात गांधीजी बोलणी करायला वारंवार जिनांच्या त्या बंगल्यावर गेले आणि ती बोलणी शेवटी फिसकटली. अशा किती घरांत देशाच्या गोष्टी ठरल्या किंवा ठरता ठरता राहिल्या!

वांकानेर हाउसचं दैव वेगळं निघालं. संस्थान विलीन झाल्यावर एवढं घर मुंबईत बाळगणं महाराणा प्रतापसिंहजींना जड झालं. १९५७ मध्ये अमेरिकन सरकारने ते ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलं. सौदा सुमारे अठरा लाख रुपयांचा होता, असं सांगितलं जातं. त्याचं ‘लिंकन हाउस’ झालं आणि पुढची पन्नासहून अधिक वर्षं तिथे अमेरिकेचा वाणिज्य दूतावास राहिला. व्हिसासाठी पहाटेपासून लागणाऱ्या रांगा मुंबईकरांना आठवत असतील. २०११ मध्ये दूतावास वांद्रे-कुर्ला संकुलात गेला आणि घर रिकामं झालं.

पूनावालांचा सौदा ठरला, पण ताबा मिळेना. ही जमीन मुळात संरक्षण खात्याची आहे, असा दावा पुढे आला. राज्य सरकारनेही प्रश्न उपस्थित केले. घर वांकानेरच्या महाराणांनी बांधलं, वापरलं अमेरिकनांनी, पैसे देणार पुण्याचा उद्योगपती, आणि जमिनीवर हक्क सांगतंय दिल्लीचं खातं. व्यवहार वर्षानुवर्षं अडकून पडला. वारसा यादीत घराचं नाव असल्यामुळे आणि मालकीचा तिढा न सुटल्यामुळे हे घर मात्र उभं राहिलं. ‘मेहरांगीर’ला स्वच्छ कागद होता म्हणून तो विकला गेला आणि पाडला गेला. वांकानेर हाउसचा कागद गुंतागुंतीचा होता म्हणून ते वाचलं. वास्तूचं जगणं-मरणं कोणाच्या कर्तबगारीवर नव्हे, तर कधीकाळी केलेल्या पट्ट्याच्या एका कलमावर ठरतं, हे मनाला फार लागतं.

समुद्रापासून दूर असलेल्या बेळगावातही असेच कागद आहेत. एप्रिल १८१८ मध्ये जनरल मुनरोने बेळगावचा किल्ला घेतला आणि १८३२ मध्ये इथे लष्करी छावणी वसवली गेली. गावकऱ्यांच्या बोलण्यातला ‘कॅम्प’ तो हाच. कोल्हापूर, गोवा आणि धारवाडकडे जाणाऱ्या वाटांवरचं ठिकाण, थंड हवा, भरपूर पाणी यांमुळे इंग्रज अधिकाऱ्यांनी ऐसपैस बंगले बांधले. कौलारू छप्पर, पुढे लांब व्हरांडा, मागे नोकरांच्या खोल्या, अंगणात आंबा आणि जांभूळ. यांतल्या कितीतरी बंगल्यांची जमीन ‘ओल्ड ग्रँट’ पद्धतीची आहे. या पद्धतीत बांधकाम राहणाऱ्याचं आणि जमीन सरकारची. लष्कराला गरज पडली तर नोटीस देऊन, बांधकामाची भरपाई चुकवून, सरकार जागा परत घेऊ शकतं. बंगाल प्रांतात १८३६ च्या हुकुमाने ही पद्धत पक्की झाली आणि तिचेच भाऊबंद नियम देशभरच्या छावण्यांत लागू झाले. कॅम्पातले बंगले इंग्रजांकडून पारशी, गोवेकर, मुसलमान, मारवाडी आणि मराठी कुटुंबांकडे आले. विकताना जमीन नव्हे, फक्त ताब्याचा हक्क आणि बांधकाम हातून हाती गेलं. लिंकन हाउसवरून दिल्लीच्या खात्याने जे विचारलं, ते कॅम्पातल्या घरांना फार पूर्वीपासून विचारलं जात आलं आहे.

सरकारला घर विकत घेऊन जपताच येत नाही, असं म्हणावं तर तसंही नाही. ‘मेहरांगीर’ पाडण्याच्या आदल्या वर्षी, २०१५ मध्ये, महाराष्ट्र सरकारने लंडनमधल्या किंग हेन्रीज रोडवरचं १० क्रमांकाचं घर तीसहून अधिक कोटी रुपये मोजून घेतलं. १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत होते. त्या वर्षी नोव्हेंबरात त्याचं स्मारक म्हणून उद्घाटन झालं. हा निर्णय योग्यच होता. आंबेडकरी समाजाने तो लावून धरला होता, वेळेवर आवाज उठवला होता आणि घर दुसऱ्याच्या हाती जाण्याआधी सरकारला हलवलं होतं. होमी भाभांच्या घरामागे असा समाज उभा नव्हता. वैज्ञानिक होते, कर्मचारी होते, पण त्यांनी हाक दिली तेव्हा जाहिरात छापून झाली होती.

बेळगावातही एक घर वाचलं आहे. ऑक्टोबर १८९२ मध्ये कोल्हापूरहून एक तरुण संन्यासी बेळगावला आला. रिसालदार गल्लीत सदाशिव भाटे वकिलांच्या घरी तो उतरला. मग वनखात्यातले बंगाली अधिकारी हरिपद मित्र यांनी आग्रहाने त्याला किल्ल्यातल्या आपल्या बंगल्यावर नेलं आणि नऊ दिवस ठेवून घेतलं. शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला अजून अकरा महिने होते, विवेकानंद हे नाव जगाला माहीत नव्हतं. हरिपद मित्रांचा तो सरकारी बंगला पुढे रामकृष्ण मिशनच्या हाती आला आणि आज स्मारक म्हणून उभा आहे. तो वाचला, कारण हरिपद मित्रांनी त्या नऊ दिवसांच्या आठवणी लिहून ठेवल्या होत्या. पाहुण्याचं बोलणं, खाणं, पुस्तकं वाचण्याचा झपाटा, सगळं. त्या लिहिण्यामुळे शंभर वर्षांनंतरही लोकांना घर ओळखता आलं.

कॅम्पातल्या बंगल्यांसाठी असं लिहून ठेवण्याची घडी आत्ताच आहे. देशभरच्या छावण्यांतली नागरी वस्ती वेगळी काढून लगतच्या पालिकांकडे सोपवायचं संरक्षण मंत्रालयाचं धोरण २०२३ पासून प्रत्यक्षात येऊ लागलं आहे आणि बेळगावच्या छावणीचाही त्यात विचार चालू आहे. तसं झालं तर जागांचे हक्क, वापराचे नियम, बांधकामाची मर्यादा, सगळंच बदलू शकतं. छावणी मंडळाच्या ‘जनरल लँड रजिस्टर’मध्ये प्रत्येक जागेचा सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, जमिनीचा वर्ग, मालक, ताबेदार आणि पट्ट्याचा प्रकार नोंदलेला असतो. तिथे कोण राहिलं आणि काय घडलं, यासाठी रकाना नाही. तो रकाना सेंट मेरीज चर्चच्या जुन्या नोंदवह्या, कुटुंबांच्या पेट्यांतली पत्रं, जुन्या नोकरचाकरांच्या नातवंडांच्या आठवणी यांतून भरावा लागेल. टिळकवाडीतल्या कॉलेजांच्या इतिहास विभागांना दोन-तीन वर्षांत हे काम उरकता येईल. मग ती यादी वारसा म्हणून महापालिकेपुढे ठेवायची, आणि तीही पहिला बंगला विकला जाण्याआधी.